कॅमेरा नंतर घ्या, आधी एक जागा धरा

फोटो चांगले यायला हवेत असं मनात आलं की बहुतेक जण आधी कॅमेऱ्याची चौकशी सुरू करतात. कुठल्या कंपनीचा घेऊ, नवा परवडत नसेल तर सेकंडहँड चालेल का, बोराबाजारात दोन पैसे कमी पडतील का. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, फोटो काढायला जायचं कुठे? मग लडाख, वाराणसी, पुष्करची जत्रा अशी नावं निघतात, रजेचा नि पैशांचा हिशेब होतो आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. खिशात जो फोन आहे तोच वापरा आणि दादरमधली एक जागा निवडून वर्षभर पुन्हा पुन्हा तिथेच जा. दादरला राहत नसाल तर तुमच्या स्टेशनबाहेरचा बाजार, चाळीची गॅलरी, मुलांचं खेळायचं मैदान, काहीही चालेल. जागा मात्र एकच हवी.

रोज नव्या ठिकाणी गेलं की सगळं लक्ष नवलाईकडे जातं. देऊळ सुंदर असतं, डोंगर सुंदर असतो, म्हणून फोटो बरा दिसतो. आपण त्यात काय केलं ते कळत नाही. जागा तीच राहिली की तिसऱ्या-चौथ्या खेपेला नवलाई संपते, थोडा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे उजेड दिसायला लागतो. तीच भिंत सकाळी सातला खडबडीत दिसते, गिलाव्याचा प्रत्येक पोपडा उठून येतो, आणि अकरा वाजता तीच सपाट होऊन जाते. हा फरक ज्याच्या डोळ्यांना दिसू लागला त्याचं निम्मं शिक्षण झालं.

हे मी पदरचं सांगत नाही. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन मुंबईला परतले. चित्रपट काढायचं पक्कं होतं, पण त्यात पैसा घालायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत मटार पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोज त्याच जागेवरून चित्रण करत राहिले. महिना उलटला तरी कॅमेरा तिथून हलला नाही. पडद्यावर मात्र मिनिटभरात बी रुजताना, अंकुर वर येताना आणि त्याची वेल होताना दिसली. ही फीत पाहिल्यावर त्यांना कर्ज देणारा माणूस मिळाला. पुढे 'राजा हरिश्चंद्र'चं काम दादरला उभं राहिलं, कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यासारखी किचकट कामं सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. दादर पूर्वेला फाळक्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्याने रोज हजारो लोक स्टेशनकडे धावतात.

मला त्या मटाराच्या कुंडीचं मोल फार वाटतं. फाळके तेव्हा नवशिके नव्हते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन अशा दोन्ही ठिकाणी ते शिकले होते, गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा केला होता, छपाईचं तंत्र त्यांना अवगत होतं. अशा माणसाने आपलं कसब पटवून द्यायला एक कुंडी निवडली आणि तिच्यासमोर ठाण मांडलं. आपल्याला तर आजच्या फोनमध्ये त्यांच्या कॅमेऱ्याहून कितीतरी सोयी आहेत. आपल्याकडे नसतो तो धीर, आणि तो विकत मिळत नाही.

दादरमध्ये मला विचाराल तर शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गालगतचा फूल बाजार. तिथे पहाटेच जायला हवं, उजाडायच्या आधी. हिवाळ्यात मुंबईत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, मे-जूनमध्ये सहाच्या आसपास; त्या हिशेबाने अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. गेल्या गेल्या फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. दिवसभर खिशातून-हातातून फिरलेल्या काचेवर तेलकट हात लागलेला असतो, त्यामुळे बल्बभोवती धूसर वलयं येतात आणि लोक म्हणतात, माझ्या फोनचा कॅमेरा खराब आहे.

आता झेंडूच्या ढिगासमोर उभे राहा. फोटो काढून मोठा करून बघा. बहुधा केशरी रंगाचा एक सपाट डाग दिसेल, पाकळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतील. भडक लाल-केशरी रंगात कॅमेऱ्याचं असंच होतं. रंग एवढा भरतो की बारकावे बुडतात. स्क्रीनवर फुलावर बोट ठेवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते हळूहळू खाली ओढा. चित्र काळोखेल. काळोखू द्या. एका टप्प्यावर पाकळ्यांच्या कडा सुट्या होतील, आतल्या दुमडी दिसतील, देठाकडचा हिरवा उमटेल. तिथे थांबा आणि फोटो काढा. मग शेजारच्या पांढऱ्या शेवंतीकडे वळा. इथे उलटा प्रकार. फ्रेमभर पांढरं असलं की कॅमेरा ते करड्याकडे ओढतो, कारण समोर काहीही असो, त्याचा उजेड मध्यम करून दाखवायचा हेच त्याला शिकवलेलं असतं. धुतल्यासारखी पांढरी शेवंती फोटोत मळकट येते. तेच चिन्ह आता वर सरकवा. चार हातांच्या अंतरावर दोन ढीग, एकाला उजेड कमी करायचा, दुसऱ्याला वाढवायचा. हे दोन ढीग आठवडाभर काढत राहिलात तर उजेडाचा अंदाज तुमचा तुम्हाला येईल. नवऱ्या मुलीची केशरी शेला घेतलेली छबी आणि पांढरा सदरा घातलेल्या आजोबांचा फोटो, दोन्ही पुढे सुधारतील.

बाजारात आणखी एक गंमत बघण्यासारखी आहे. अनेक फुलवाले वर निळी ताडपत्री बांधतात. दिवस वर आला की तिच्यातून गाळून आलेला उजेड खालच्या माणसाच्या चेहऱ्यावर पडतो आणि चेहरा निळसर, आजारी दिसतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण मेंदू रंग सांभाळून घेतो. कॅमेरा सांभाळून घेत नाही. अशा वेळी फुलवालीला इकडे या, तिकडे बसा असं सांगू नका. तुम्ही थांबा. गिऱ्हाइकाला पुडी द्यायला ती पुढे वाकली की चेहरा ताडपत्रीच्या बाहेर येतो आणि उघड्या आकाशाचा उजेड त्यावर पडतो. तो क्षण दर दोन-तीन मिनिटांनी येतोच. आणि अगदी पहाटे एक वेळ अशी येते, की आकाशाचा निळा आणि बल्बचा पिवळा उजेड साधारण सारख्या ताकदीचे होतात. दोन्ही रंग एका फोटोत राहतात. पंधरा-वीस मिनिटांचा तो खेळ. उजाडलं की बल्ब असून नसल्यासारखा. त्या वेळी चहा पीत बसू नका, चहा नंतर मिळेल.

झूम वापरू नका. स्क्रीनवर दोन बोटांनी ताणून जवळ आणलेलं चित्र बहुतेक वेळा कापून मोठं केलेलं असतं, म्हणून ते फुटकं दिसतं. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. आणि खाली बसा. बाजारातली निम्मी माणसं जमिनीवर बसून काम करतात, आपण उभ्यानेच फोन खाली रोखतो आणि डोकं मोठं, अंग आखूड असा माणूस फोटोत येतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणला की तोच माणूस भारदस्त दिसतो. एवढ्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा पन्नास हजारांच्या कॅमेऱ्याने पडत नाही.

जवळ जायचं तर विचारून जायचं. बाजार म्हणजे लोकांच्या पोटापाण्याची जागा आहे. डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाच्या वाटेत उभं राहायचं नाही, भवानी व्हायच्या आधी कुणाला खोळंबवायचं नाही. पावशेर फुलं घ्या, दोन शब्द बोला, मग "मावशी, एक फोटो काढू का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर पहिला फोटो कडकच येणार, ती पदर सारखा करून ताठ बसणार. तो काढा, तिला दाखवा, आणि बाजूला राहा. ती पुन्हा गजरा गुंफायला लागली, बोटं चालू झाली, शेजारणीशी बोलणं सुरू झालं, की खरा फोटो तेव्हा येतो. पुढच्या खेपेला चार बाय सहाचा प्रिंट काढून तिच्या हातात द्या. "देतो हं फोटो" म्हणून गेलेले फार असतात, आणून देणारे थोडे. आणून दिलात तर त्या गाळ्यापाशी तुम्हाला परकं कोणी म्हणणार नाही, आणि ओळखीच्या माणसासमोर चेहरा जसा मोकळा होतो तसा अनोळखी माणसासमोर कधीच होत नाही. पुन्हा पुन्हा एकाच जागी जायचा माझा आग्रह आहे तो यासाठीही.

होमाई व्यारावाला यांना आपण देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखतो. स्वातंत्र्याच्या काळातली मोठमोठी माणसं आणि प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्यात आहेत. पण सुरुवात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकताना झाली, सोबत शिकणाऱ्या मुलींचे, त्यांच्या सहलींचे फोटो काढत. सुरुवातीचे काही फोटो तर पतीच्या नावाने छापले गेले. जवळची माणसं, ओळखीची जागा, हाताशी असलेला कॅमेरा, एवढ्यावर त्यांचा हात तयार झाला.

चेहऱ्यांचे फोटो ज्यांना आवडतात त्यांनी गौतम राजाध्यक्ष यांचं 'चेहरे' हे पुस्तक वाचनालयात मिळालं तर शांतपणे बघावं. कोण नट आणि कोण गायिका हे बाजूला ठेवा. प्रत्येक फोटोत डोळ्याच्या बुबुळात चमकणारा ठिपका शोधा. तो उजेडाचा पत्ता असतो. ठिपका वर डावीकडे असेल तर उजेड तिकडून आला, मोठा पसरट असेल तर उजेड मऊ होता, टाचणीच्या टोकाएवढा असेल तर कडक. मग घरातल्या कुणाला तरी खिडकीजवळ बसवा, चेहरा खिडकीकडे थोडा वळवा, घरातले दिवे बंद करा आणि तो ठिपका डोळ्यात आणून बघा. आईचा, आजीचा एक चांगला फोटो घरात असावा असं वाटत असेल तर हा प्रयोग उद्याच करा. चांगला फोटो काढायचं राहून गेलं, ही हळहळ फार घरांत असते.

पहाटे जमत नसेल आणि संध्याकाळ मोकळी असेल तर बाजाराऐवजी शिवाजी पार्क निवडा. 1925 साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान चळवळी, सभा आणि क्रिकेट यांनी ओळखलं जातं. शिकणाऱ्याला ते हालचाल पकडायला शिकवतं. नेटमध्ये चेंडू टाकणारा मुलगा गोठवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं जलद लागतं. फोनमध्ये त्याऐवजी सलग फोटो घ्यायची सोय असते, ती वापरा. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब चालतो, तिथे मात्र घाई नको. मल्लखांबपटू एका पकडीतून दुसऱ्या पकडीत जाताना शेवटच्या स्थितीत क्षणभर स्थिर होतो. दोन-तीनदा नुसतं बघा, त्याची लय ओळखा, मग त्या स्थिर क्षणाच्या किंचित आधी बटण दाबा. मुलं सराव करत असतात, तेव्हा प्रशिक्षकांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका, आणि परक्या मुलांचे फोटो कुठेही टाकू नका. मावळतीला मैदानातल्या धुळीचा रहिवाशांना त्रास होतो हे खरं, पण खेळाडू तुमच्या आणि सूर्याच्या मधे असतील तर त्याच धुळीत उजेडाच्या तिरप्या रेघा उमटतात.

दादर चौपाटीबद्दल फार सांगत नाही. क्षितिज सरळ ठेवा, फोनच्या सेटिंगमध्ये रेषांची जाळी असते ती चालू करा म्हणजे समुद्र एका बाजूला सांडणार नाही. सूर्यास्ताला उजेड आकाशावर बेतला की माणसं काळ्या आकृती होतात. तेच हवं असेल तर त्या आकृती एकमेकींना चिकटणार नाहीत एवढं बघा. आणि वर्षभर जात राहिलात तर सूर्य जागा बदलताना दिसेल. डिसेंबरात तो वरळीच्या बाजूला बुडतो, पावसाळ्याच्या तोंडाला बांद्र्याकडे सरकलेला असतो. सागरी सेतू तोच, त्यामागचा सूर्य मात्र फिरता. फाळक्यांच्या कुंडीचा प्रयोग इथे करून बघा, ठरलेल्या दगडावर उभे राहून महिन्यातून एक फोटो.

भर दुपारी मात्र घरी बसा. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांतच काय, एरवीही बारा-एकचा उजेड कपाळ आणि नाक उजळवतो आणि डोळ्यांच्या जागी काळे खड्डे करतो. अगदी काढायचाच झाला तर माणसाला इमारतीच्या सावलीत घ्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतल्या झाडांखालची सावली लोभस दिसते खरी, पण पानांतून झिरपणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर पडले तर फोटो बिघडतो. एकसारखी दाट सावली शोधा. पावसाळ्यात लोक कॅमेरे कपाटात ठेवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ढगाळ आकाशाइतका मऊ, सगळीकडून सारखा येणारा उजेड स्टुडिओवाले पैसे मोजून तयार करतात. फूल बाजार श्रावणात बघा. ओली फुलं, ओला रस्ता, छत्र्या, आणि चेहऱ्यावर एकही कडक सावली नाही.

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर फोटो काढायला अनेक नवशिके येतात, म्हणून मुद्दाम लिहितो. त्या दिवशी तिथे आलेला माणूस बाबासाहेबांना वंदन करायला आलेला असतो, रात्रभर प्रवास करून, तासन् तास रांगेत उभं राहून. त्याच्या थकव्याचे, झोपलेल्या बायकांचे, जेवणाच्या रांगेचे फोटो काढून कुणाचंही भलं होत नाही. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथे पुस्तक चाळणारा तरुण, नातवाला तसबीर दाखवणारी आजी, यांना विचारा, बोला, गाव कुठलं ते समजून घ्या आणि मग काढा. आधी एक तास कॅमेरा बाहेर न काढता नुसते रांगेत चालून बघा. काय काढायचं आणि काय नाही, ते कुणी शिकवावं लागणार नाही.

फोटो किती काढायचे? फिल्मच्या काळी एका रोलमध्ये 36 फोटो असायचे आणि प्रत्येकाला पैसे पडायचे, म्हणून बटण दाबायच्या आधी माणूस बघायचा. एका सकाळी 36 च काढायचे असं बंधन स्वतःला घाला. घरी आल्यावर लगेच निवड करू नका, दोन दिवस जाऊ द्या. काढताना झालेला आनंद ओसरला की दोष दिसतात. मग त्यातले पाच ठेवा. प्रत्येकाला विचारा: उजेड कुठून आला, कडेला नको ते काय शिरलं, मी आणखी एक पाऊल पुढे जायला हवं होतं का? विजेच्या तारा, अर्धवट कापलेला हात, डोक्यातून उगवलेला खांब, हे सगळं काढतानाच दिसायला हवं होतं. महिन्यातून एका फोटोचा प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि येता-जाता बघा. महिनाभर नजरेसमोर राहूनही जो खटकत नाही तो बरा आहे. मोबाइलवर मिळणाऱ्या अंगठ्यांवरून काही ठरवू नका; तुम्हाला तोंडावर सांगेल असं एखादं माणूस गाठा, मग ते शाळेचे चित्रकलेचे शिक्षक का असेनात.

वर्षभर हे केलंत आणि फोन खरोखर अपुरा पडायला लागला, म्हणजे कमी उजेडात शटर हवं तसं ठेवता येत नाही अशी नेमकी अडचण तुम्हाला सांगता यायला लागली, की मग कॅमेरा घ्या. जुना चालेल. सोबत 35 किंवा 50 मिलिमीटरची एकच प्राइम लेन्स घ्या, म्हणजे झूमची सवय लागणार नाही. मुंबईच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात बंद करून ठेवलेल्या कॅमेऱ्यावर ती हमखास धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि एसीतून बाहेर पडल्यावर काचेवर दव धरलं तर पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप उडतं. सेकंडहँड लेन्स घेताना तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

येत्या रविवारी सुरुवात करता येईल. पहाटेच्या लोकलने दादरला पश्चिमेला उतरा, बरोबर सुती रुमाल आणि फुलांसाठी कापडी पिशवी घ्या. रुळांजवळ किंवा लोकलच्या दारात उभं राहून फोटो काढायचा मोह झाला तर तो तिथेच सोडा. त्यात जीव गेलेत. बाजारात पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं फोन खिशातच राहू द्या आणि एक पूर्ण फेरी मारा. जिथे उजेड आवडेल तो एक गाळा निवडा, फुलं घ्या, नाव विचारा, आणि पुढच्या रविवारी परत येतो असं सांगून ठेवा.